कॉम्प्युटर चालतोय, पण राखण उठली आहे

उदगीर तालुक्यातून आलेलं पत्र:

"ताई, नमस्कार. आमच्या बाजारच्या गावात माझं आपले सरकार सेवा केंद्र आहे. माझ्याकडे तीन मशीन आहेत. काउंटरवर आय-थ्री डेस्कटॉप आहे, चौथ्या जनरेशनचा, विंडोज १०. अंगठ्याचं यंत्र, प्रिंटर, स्कॅनर सगळं त्यालाच जोडलेलं. दुसरा लॅपटॉप, २०१९ मध्ये घेतलेला, आय-फाइव्ह, आठवी जनरेशन, त्यातही विंडोज १०. तो मुलीकडे असतो, ती लातूरला अकरावीला आहे. तिसरा जुना पीसी, विंडोज ७. त्यात डोंगलवर, म्हणजे मशीनला लावायच्या छोट्या किल्लीवर, चालणारं मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर आहे, लग्नसराईत पत्रिका त्यावरच निघतात. दिवाळीच्या आधीपासून काउंटरच्या स्क्रीनवर सपोर्ट संपल्याचा निरोप येतोय. अतिवृष्टीच्या अनुदानाच्या केवायसीला एवढी गर्दी होती की बघायला सवडच मिळाली नाही. उदगीरचा दुकानदार म्हणतो, तिन्ही भंगारात काढा. मेहुणे म्हणतात, काही होत नसतं, कंपन्यांना विकायचं असतं म्हणून भीती घालतात. मशीन तर नीट चालतायत. काय करावं?"

भाऊ, नमस्कार.

आधी उत्तर सांगते, मग कारणं. मुलीच्या लॅपटॉपवर विंडोज ११ घाला, फुकट आहे. पत्रिकेचा पीसी ठेवा, पण त्याचं इंटरनेट कायमचं तोडा. काउंटरचा डेस्कटॉप मात्र गुढीपाडव्याच्या आत बदला. दुकानदार तिन्ही काढा म्हणतो ते चूक, आणि मेहुणे काही होत नसतं म्हणतात तेही चूक. मशीन किती जुनं आहे यापेक्षा त्यातून कोणाचं काय जातं, यावर हा निर्णय घ्यायचा असतो.

सपोर्ट संपला म्हणजे मशीन बंद पडत नाही, म्हणून तर घोटाळा होतो. पंखा बिघडला तर आवाज करतो, प्रिंटर बिघडला तर कागद अडकवतो. विंडोजसारख्या ऑपरेटिंग सिस्टीमची मुदत संपली तर काहीच होत नाही. सगळं कालच्यासारखं चालतं. फक्त शेताची राखण करणारा माणूस उठून गेलेला असतो. पीक उभंच असतं, त्यामुळे बांधावरून बघणाऱ्याला फरक कळत नाही.

ही राखण म्हणजे नेमकं काय, तर दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्ट सुरक्षेच्या दुरुस्त्या सोडतं. आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते. विंडोज हा कोट्यवधी ओळींचा प्रोग्राम आहे, त्यात चुका राहणारच, आणि त्यातल्या काही चुकांमधून बाहेरच्या माणसाला आत शिरता येतं. ती भोकं सापडतील तशी बुजवत राहायची, हे काम कंपनी एका ठरलेल्या तारखेपर्यंत करते. विंडोज १० आलं २९ जुलै २०१५ ला आणि त्याची तारीख होती १४ ऑक्टोबर २०२५, वसुबारसेच्या तीन दिवस आधी. ती तारीख काही अचानक उगवली नाही, कित्येक वर्षं आधीपासून जाहीर होती. विंडोज ७ ची होती १४ जानेवारी २०२०, एक्सपीची ८ एप्रिल २०१४. खताच्या पोत्यावर किंवा औषधाच्या बाटलीवर मुदत छापलेली असते, ती आपण बघून घेतो. सिस्टीमचीही मुदत असते, पण ती डब्यावर छापत नाहीत, एवढंच.

मुदतीनंतर धोका हळूहळू वाढतो असं लोकांना वाटतं. खरं तर तो महिन्याच्या महिन्याला एकेक पायरी चढतो, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये आतला पुष्कळसा भाग एकच आहे. एकाच गवंड्याने एकाच नकाशावर बांधलेली दोन शेजारची घरं समजा. अकराच्या घरात मागच्या भिंतीला भोक सापडलं आणि ते बुजवलं, की ताजा गिलावा सगळ्या गावाला दिसतो. चोराला आता शोधाशोध करावी लागत नाही. तो शेजारच्या दहाच्या घरामागे जातो, कारण तिथे त्याच जागी तेच भोक उघडं आहे. वाईट काम करणारे लोक खरोखर असंच करतात. जुनी फाइल आणि दुरुस्त केलेली फाइल शेजारी ठेवून फरक बघतात. म्हणजे अकराची प्रत्येक दुरुस्ती ही दहाच्या भोकाचा पत्ता असते.

मेहुण्यांसाठी एक अनुभव सांगते. २०१७ साली मी एका पतसंस्थेचं कॉम्प्युटरचं काम बघत होते. १४ मार्चला मायक्रोसॉफ्टने एक दुरुस्ती सोडली. मार्च एंडचे दिवस, व्याजाची आकारणी चाललेली. मध्येच एखादं मशीन रिस्टार्ट झालं तर सगळी रात्र वाया जाईल, म्हणून मी सगळ्या मशीनचे अपडेट बंद केले. एप्रिलमध्ये पुन्हा चालू करायचे होते, ते राहून गेलं. १२ मे, शुक्रवार. त्या दुपारी वॉनाक्राय नावाचा प्रोग्राम जगभर पसरायला लागला, आणि तो बरोबर त्याच भोकातून शिरत होता जे मार्चच्या दुरुस्तीने बुजणार होतं. शनिवारी सकाळी कॅशियरचा फोन आला. जाऊन बघते तर स्क्रीनवर लाल चौकट, कुलपाचं चित्र, तीनशे डॉलरची मागणी आणि उलटी चालणारी घड्याळं. फोल्डर उघडला तर प्रत्येक फाइलच्या नावाला डब्ल्यूएनसीआरवाय ही अक्षरं चिकटलेली, आणि कुठलीच फाइल उघडत नव्हती. आमच्याकडे ३१ मार्चचा बॅकअप होता. पुढच्या सहा आठवड्यांच्या नोंदी दोन कारकुनांनी स्लिपांवरून आणि पिग्मी एजंटांच्या वह्यांवरून पुन्हा टाइप केल्या. एका बाईच्या मुलीचं लग्न त्या आठवड्यात होतं आणि तिची ठेव मोडायला आम्हाला चार दिवस लागले. ती रोज सकाळी येऊन बाकावर बसायची. ते मी विसरू शकत नाही.

लक्षात घ्या, ती मशीन विंडोज ७ ची होती आणि तेव्हा ७ ला सपोर्ट होता. दुरुस्ती दाराशी आली होती, मी ती घेतली नाही. आज तुमच्या काउंटरच्या मशीनची स्थिती त्याहून अवघड आहे, कारण तुम्ही घ्यायची म्हटली तरी ती येणार नाही.

अँटिव्हायरस आहे ना, असं तुम्ही म्हणाल. तो असू द्या. पण अँटिव्हायरस म्हणजे दारावरचा ओळखीचा माणूस, तो चेहरे ओळखतो. भिंतीतलं भोक बुजवणं हे त्याचं काम नाही. क्रोम अपडेट होत राहतं तेही चांगलंच आहे, पण त्याने क्रोम दुरुस्त होतं, त्याच्या खालची सिस्टीम नाही.

आणि तुमच्या काउंटरवरून जातं ते तुमचं नाही, भाऊ. घरचा कॉम्प्युटर बिघडला तर माणसाचे स्वतःचे फोटो जातात. तुमच्याकडे गावोगावची माणसं अंगठा देऊन जातात. सातबारा, बँकेचं पासबुक, आधार, रेशनकार्ड, पोरांचे जातीचे दाखले. तुमच्या डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये या घडीला किती जणांचे ई-आधार पडले असतील, एकदा उघडून बघा. त्या पीडीएफला पासवर्ड असतो हे खरं, पण तो म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. फाइलला तुम्ही त्या माणसाचंच नाव दिलेलं असेल तर निम्मा पासवर्ड तिथेच लिहिलेला आहे. म्हणून मी काउंटरच्या मशीनबद्दल इतकी आग्रही आहे.

तर काउंटर. चौथ्या जनरेशनचं मशीन विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. अकराला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, सिक्युअर बूट लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनचा किंवा पुढचा लागतो. कुणीतरी तुम्हाला सांगेल, "आणा, मी तपासणी चुकवून अकरा टाकून देतो." तसं टाकता येतं. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच असं मायक्रोसॉफ्ट म्हणत नाही, आणि आपल्याला तर अपडेटसाठीच हे सगळं करायचं आहे. त्यातही ॲक्टिव्हेटर, म्हणजे लायसन्सशिवाय विंडोज चालू करणारा प्रोग्राम, मारून चालवलेलं विंडोज असेल तर अजिबात नको. तो ॲक्टिव्हेटर चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, यातच सगळं आलं.

मुदतवाढीचं काय, असंही विचाराल. आहे. घरगुती वापराच्या विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात, त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन इन करून नाव नोंदवावं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यावर चालू ठेवला तर पैसे लागत नाहीत. मात्र ही योजना घरासाठी लिहिलेली आहे, आणि तुमचं केंद्र हा व्यवसाय आहे. व्यवसायासाठी मुदतवाढीचा दर एका मशीनला पहिल्या वर्षी ६१ डॉलर, पुढे दर वर्षी दुप्पट, फार तर तीन वर्षं. ६१, १२२, २४४, एकूण ४२७ डॉलर. रुपयांत पस्तीस हजारांच्या वर. एवढे पैसे मरणाऱ्या मशीनवर घालण्यापेक्षा त्यात नवा डेस्कटॉप येतो.

घेताना एक चूक टाळा. अकराला आठवी जनरेशन चालते म्हणून दुकानदार आठवीचंच जुनं मशीन स्वस्तात दाखवेल. उंबरठ्यावरचं मशीन घेऊ नका. पुढच्या वेळी रेघ वर सरकली की पहिलं तेच बाहेर पडेल. कार्यालयांतून निघालेलं दहाव्या-बाराव्या जनरेशनचं मशीन मिळालं तर चांगलं, नवं परवडलं तर उत्तमच. आठ जीबी रॅम आणि एसएसडी यापेक्षा कमी नको. सध्या रॅमचे भाव चढले आहेत, त्यामुळे रॅम नंतर वाढवू असं म्हणू नका, आधीच लावून घ्या. पैसे देण्याआधी दुकानातच सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशन उघडायला लावा आणि विंडोज डिजिटल लायसन्सने चालू आहे हे डोळ्यांनी बघा. अंगठ्याच्या यंत्राची आरडी सर्व्हिस (ते यंत्र आधारसाठी चालवणारं सॉफ्टवेअर), प्रिंटर आणि स्कॅनरचे ड्रायव्हर अकरावर मिळतात का, हेही घेण्याआधी विचारा, घेतल्यावर नाही. अंगठ्याची जुनी एल झिरोची यंत्रं जाऊन जास्त सुरक्षित एल वनची आली तेव्हा किती केंद्रचालकांची धावपळ झाली ते तुम्ही पाहिलंच असेल. मुदत तिथेही होती, फक्त यंत्राची होती.

मुलीच्या लॅपटॉपचं सोपं आहे. संक्रांतीला ती घरी आली की करा. आधी तिच्या नोट्स आणि फोटो पेन ड्राइव्हवर आणि अजून एका ठिकाणी, अशा दोन प्रती. मग विंडोजची की आणि आर एकदम दाबा, छोटी चौकट उघडेल, तिच्यात टीपीएम डॉट एमएससी असं इंग्रजीत टाइप करून एंटर मारा. उघडलेल्या खिडकीत खाली उजवीकडे स्पेसिफिकेशन व्हर्जन २.० दिसलं तर काम झालं. टीपीएम सापडत नाही असं आलं तर घाबरू नका, आठव्या जनरेशनच्या लॅपटॉपात ते बहुधा असतं, फक्त बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेलं असतं. इंटेलमध्ये त्याचं नाव पीटीटी. ते चालू केलं की विंडोज अपडेटमध्ये अकराचं आमंत्रण येतं. काही कारणाने नाहीच जमलं, तर घरगुती मुदतवाढ याच लॅपटॉपसाठी आहे. ऑक्टोबर २०२६ पर्यंत निवांत.

अकरा घातलं की सुटलो, असं मात्र समजू नका. अकराच्या होम आणि प्रो प्रकारात दर वर्षी नवी आवृत्ती येते, आणि प्रत्येक आवृत्तीला २४ महिन्यांचाच सपोर्ट असतो. २३एच२ ची, म्हणजे २०२३ च्या आवृत्तीची, मुदत ११ नोव्हेंबर २०२५ ला संपलीसुद्धा. २४एच२ ची १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते, म्हणजे विंडोज १० च्या घरगुती मुदतवाढीच्याच दिवशी. २५एच२ ची १२ ऑक्टोबर २०२७. दुकानात पडून राहिलेल्या मशीनवर जुनी आवृत्ती असू शकते. तीच विंडोज आणि आर दाबून येणारी चौकट उघडा, डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर ही सहा अक्षरं टाइप करा. जी खिडकी येईल तिच्यात आवृत्तीचा आकडा लिहिलेला असतो. तो आकडा आणि त्याची शेवटची तारीख एका कागदावर लिहून मशीनच्या डब्याला चिकटवा. मी माझ्या ओळखीच्या प्रत्येक दुकानात हे करून घेते. गॅसच्या टाकीवर जशी तपासणीची तारीख असते, तशी.

घाई कधी आणि थांबणं कधी, हेही सांगते, कारण दोन्हीकडून नुकसान होतं. दर महिन्याची सुरक्षेची दुरुस्ती चार-पाच दिवसांत घ्यावी. वर्षाची मोठी आवृत्ती मात्र आल्या आल्या काउंटरवर घेऊ नये, महिना-दीड महिना जाऊ द्यावा, म्हणजे प्रिंटरवाल्यांचे आणि आरडी सर्व्हिसवाल्यांचे घोळ निस्तरलेले असतात. आणि मशीन बदलायला आपल्या भागातला ठीक काळ म्हणजे संक्रांत ते पाडवा. दहावी-बारावीचा निकाल लागला की उत्पन्नाच्या आणि जातीच्या दाखल्यांना रांग लागते, त्यामागून जुलैत पीक विमा. तेव्हा काउंटर एक दिवससुद्धा बंद ठेवता येत नाही. २०२६ चा पाडवा १९ मार्चला आहे. पुरेसा वेळ आहे.

पत्रिकेच्या पीसीची काळजी करू नका. सहा वर्षांपूर्वी मुदत संपलेलं विंडोज ७ इंटरनेटवर नेणं वेडेपणाचं, पण तारच नसेल तर बाहेरचा चोर येणार कुठून? मागची नेटची वायर काढा, वाय-फायचा डोंगल असेल तर तोही काढून ड्रॉवरमध्ये टाका. पेन ड्राइव्हसाठी एकच नियम. त्या पीसीचा एक वेगळा पेन ड्राइव्ह ठेवा आणि गिऱ्हाइकाचा थेट लावू नका. आधी नव्या मशीनवर तपासा, मग आपल्या पेन ड्राइव्हवर घ्या. खरी भीती वेगळीच आहे. टायपिंगचा तो डोंगल किंवा ती जुनी हार्ड डिस्क एक दिवस जाईल आणि पंधरा वर्षांच्या पत्रिकांचे नमुने तिच्याबरोबर जातील. जुन्या फाँटमधला मजकूर दुसऱ्या मशीनवर नुसती अगम्य चिन्हं दिसतो. म्हणून रिकाम्या वेळात चालणारे नमुने युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या अक्षरांत, उतरवायला घ्या. पावसाळ्यात लग्नं नसतात, तेव्हा रोज एक केला तरी दिवाळीपर्यंत शंभर होतील.

काउंटरवरून उतरलेला आय-थ्री फेकून देऊ नका. त्याला छोटी एसएसडी लावून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही सिस्टीम टाका. मिंट २२ हे उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्स सिस्टीमवर उभं आहे आणि त्याला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळतात. उबुंटूचं मला आवडतं ते हेच की नावातच जन्मतारीख असते. २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल, ही दीर्घ मुदतीची आवृत्ती, त्यात पाच वर्षं मिळवा, झाली मुदत. फुकट आहे, मराठी टायपिंग होतं, मुलांना अभ्यासाला आणि व्हिडिओला पुरतं. केंद्राचं काम मात्र त्यावर करायला जाऊ नका, अंगठ्याच्या यंत्राचं सॉफ्टवेअर त्यावर चालेलच असं नाही.

फोनही एकदा बघून घ्या, ओटीपी त्यावरच येतात. सेटिंग्जमध्ये अबाउट फोन, तिथे अँड्रॉइडच्या आवृत्तीखाली सिक्युरिटी अपडेटची तारीख असते. ती वर्षाहून जुनी असेल तर बँकेचं ॲप त्या फोनवर नको. नवा घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेल हे विचारतो तसंच अपडेट किती वर्षं हे विचारा. गॅलेक्सी एस२४ आणि पिक्सेल ८ पासून वरच्या फोनांना सात वर्षं सांगितली आहेत, स्वस्त फोनांत हा आकडा बराच खाली येतो.

राहिली काउंटरच्या मशीनमधली जुनी हार्ड डिस्क. मिंट टाकायच्या आधी तिचं काय करायचं ते ठरवा. नुसत्या फाइली डिलीट करून रिसायकल बिन रिकामा केला तर त्या परत काढता येतात, बाजारात त्याची सॉफ्टवेअर फुकट मिळतात. हवं ते नव्या मशीनवर घेतलं, आठवडाभर काम करून खात्री झाली, की जुन्यावर सेटिंग्जमधून रिसेट धिस पीसी, रिमूव्ह एव्हरीथिंग, आणि त्याच्या पर्यायांत क्लीन डेटा चालू करा. रात्रभर लागेल, इन्व्हर्टरवर भरवसा ठेवू नका, लाइट राहील अशा रात्री लावा. एवढं करूनही मन घेत नसेल तर डिस्क काढून कपाटात ठेवा आणि मिंट नव्या एसएसडीवर घाला. कधी पुढे डबा विकलात, तर डिस्कशिवाय विका.

लॅपटॉपच्या टीपीएमच्या खिडकीत काय दिसतं ते संक्रांतीनंतर कळवा. बायोसमध्ये पीटीटी सापडलं नाही तर त्या पानाचा फोटो काढून पाठवा, कुठे दाबायचं ते मी खूण करून सांगते.

तुमची,
ताई